आत जीव आहे का

आधी एक अंडं डोळ्यांसमोर आणा. टसर पतंगाच्या मादीनं घातलेलं, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या लांबीचं, किंचित चपटं, लंबगोल. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, वजन सुमारे दहा मिलिग्रॅम. अशी शंभर अंडी जमवाल तेव्हा कुठे एक ग्रॅम भरेल. नुकतंच घातलेलं असेल तर त्यावर तपकिरी, चिकट लेप असतो. तो धुऊन काढला की खालचा फिकट पिवळसर रंग दिसतो, आणि मध्याभोवती फिरलेल्या दोन समांतर तपकिरी रेषा.

ते तळहातावर ठेवा. वजन जाणवणार नाही, तरी ते तिथे आहे असं वाटू लागेपर्यंत थांबा. श्वास हळू सोडा.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत जीव आहे का?

पुढचा सारा वेळ आपल्याला या प्रश्नाजवळ बसायचं आहे. पतंगांची पैदास करणाऱ्या माणसाला दर हंगामात हाच प्रश्न पडतो, आणि त्याचं पोट या प्रश्नाच्या उत्तरावर असतं. आपण त्याच्याशेजारी बसू. उत्तर लगेच मिळणार नाही. मन पुढे धावू लागलं तर पुन्हा त्या दोन तपकिरी रेषांकडे या.

बसायची जागा नीट ठरवू. हा भंडारा जिल्हा. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी या नद्यांचा, मामा तलावांचा, धानाच्या बांध्यांचा. शेतं संपली की झाडी सुरू होते, आणि त्या झाडीत ऐन आणि अर्जुन उभे असतात. ऐनाची साल भेगाळलेली, काळपट. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, आणि त्याला पाण्याकाठची जागा आवडते. या दोन झाडांच्या पाल्यावर टसरची अळी वाढते. शास्त्रात या पतंगाला अँथेरिया मायलिटा म्हणतात. त्याच्या मुलखामुलखातल्या जाती ठरलेल्या आहेत: सिंहभूमकडची डाबा, ओडिशातली सुकिंदा आणि मोदाल, बस्तरची रैली. त्या यादीत एका जातीचं नाव ‘भंडारा’ असं आहे. एका किड्याच्या वाणाला आपल्या जिल्ह्याचं नाव असावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथलं ऊन, इथला पाऊस, इथला पाला पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवून जो टिकला, त्याचं हे नाव आहे.

या झाडीत कोसा, म्हणजे हा टसर, पाळणारे बहुतेक ढिवर समाजाचे. तलावात मासेमारी आणि जंगलात कोसा, असं त्यांचं वर्ष दोन ठिकाणी वाटलेलं असतं. कोश तयार झाले की सूत निघतं, आणि ते मोहाडी, आंधळगावच्या कोष्ट्यांच्या मागावर जातं. करवती काठाचं लुगडं ज्यांनी हातात धरलं आहे, त्यांनी या अंड्याचं शेवटचं टोक हातात धरलं आहे. आपण आज सुरुवातीचं टोक धरून बसलो आहोत. लुगड्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. अंड्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि बीज नसेल तर पुढचं काहीच नाही.

थोडं मागे जाऊ, अंड्याच्याही आधी.

एक अंधारी, थंड ठेवलेली खोली पाहा. आड्याला दोऱ्या बांधल्या आहेत आणि दोऱ्यांना कोशांच्या माळा. टसरच्या कोशाला देठ असतो. अळीनं कोश विणायच्या आधी हा देठ विणून फांदीला पक्की गाठ मारलेली असते. त्या देठांतच दोरी ओवून माळा केल्या आहेत. हे बीजकोश. यांतलं सूत काढायचं नाही, म्हणून यांना उकळत्या पाण्यात टाकलेलं नाही. हिवाळ्यापासून ते इथे टांगलेले आहेत. आत प्रत्येकात एक कोशस्थ किडा आहे, आणि तो थांबला आहे.

या थांबण्याकडे जरा लक्ष द्या. तो मेलेला नाही आणि वाढतही नाही. थंडी गेली, उन्हाळा आला. भंडाऱ्याचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. बाहेर माणसं दुपारी दार लावून बसतात, पाखरं सावलीला जातात. बीजकोश सांभाळणारा खिडक्यांना ओली पोती लावतो, जमिनीवर पाणी शिंपडतो, छपरावर गवत टाकतो. उष्णता फार झाली तर कोशातला किडा मरतो, हे एक. दुसरं असं की तो जगला तरी पुढे काय होईल याची खात्री राहत नाही. तुतीच्या रेशीमकिड्यात हे तपासून पाहिलेलं आहे: कोशावस्थेच्या आसपास जास्त उष्णता लागली तर नर बाहेर येतो, उडतो, मादीशी जुळतो आणि तरीही त्याच्या बीजात जोर राहत नाही. म्हणजे जुलैत तळहातावर ठेवलेल्या अंड्याचं उत्तर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, ओलं पोतं वाळून गेलं तेव्हाच ठरून गेलेलं असू शकतं.

इथे थोडं थांबा. एखाद्या गोष्टीचं फळ हाती येण्याआधी किती तरी दिवस, कोणी पाहत नसताना ती ठरत असते. त्या दुपारीच मन ठेवा. पोतं पुन्हा भिजवा. पाणी खाली ठिबकू द्या.

मग पाऊस येतो. हवा ओली होते. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, एका कोशाचं टोक ओलसर दिसू लागतं. आतल्या पतंगाच्या तोंडातून एक द्रव पाझरतो. त्यातलं विकर रेशमाला धरून ठेवणारा डिंक विरघळवतं. धागा तो कापत नाही. धागे सैल झाले की त्यांना बाजूला सारत, डोक्यानं वाट काढत तो बाहेर येतो. माळेवरच उलटा लटकतो. पंख अजून ओले, चुरगळलेले असतात. थोड्या वेळात ते पसरतात, आणि चार पंखांवरचे चार डोळे दिसतात, मध्ये काचेसारखा पारदर्शक ठिपका असलेले.

कोश आता भोकाचा झाला. त्याचा अखंड धागा निघणार नाही. फार तर तो कातून जाडंभरडं सूत होईल. ही किंमत बीज धरणाऱ्यानं आधीच मोजलेली असते. त्यानं सगळ्यांत चांगले, भरदार, जड कोश विकायला न काढता माळेत ओवले. शेतकरी पेरणीसाठी पहिलं कणीस राखतो तीच ही रीत, आणि गरिबाच्या घरात ती पाळणं किती अवघड असतं, हे हातातली रक्कम सोडून देणाऱ्यालाच कळतं.

पतंगाकडे पुन्हा पाहा. त्याला खाता येत नाही. तोंडाचे अवयव नावापुरते आहेत. अळी असताना जे पोटात साठवलं तेवढंच त्याच्याकडे आहे, आणि तेवढ्यावर त्याचे पुढचे मोजके दिवस. भूक लागणार नाही, पाणी लागणार नाही. त्याच्यापुढे एकच काम उरलं आहे.

नर आणि मादी ओळखायला शिका. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या, दोन्ही बाजूंनी दातेरी. मादीच्या अरुंद. मादीचं पोट मोठं, जड, अंड्यांनी भरलेलं. ती आकारानंही मोठी. ती फारशी उडत नाही. रात्र चढली की ती पोटाचं टोक थोडं बाहेर काढून स्थिर बसते, आणि तिथल्या ग्रंथीतून एक गंध हवेत सोडते. आपल्या नाकाला तो कळत नाही. नराच्या मिशांना कळतो. अंधारात तो त्या गंधाच्या दिशेनं वारा कापत येतो.

जुनी माणसं मादीला दोऱ्यानं बांधून रात्री झाडावर ठेवायची, रानातला नर यावा म्हणून. बीजकेंद्रात आता जाळीच्या पिंजऱ्यांत किंवा बांबूच्या टोपल्यांत नर-मादी एकत्र ठेवतात, कारण मोकळा सोडलेला नर उडून जातो. जंगलात जे आपसूक घडतं ते खोलीत घडेलच असं नाही, ही या धंद्याची जुनी अडचण. तुतीचा पतंग हजारो वर्षांच्या पाळण्यात उडणं विसरला आहे. टसरचा विसरलेला नाही. तो अजून रानाचाच आहे, आपण त्याला काही रात्रींपुरता मागून घेतला आहे. काही माद्यांची जोडी लागते, काहींची लागत नाही.

जोडी लागली ती मध्यरात्रीनंतर, आणि सकाळ झाली तरी ती सुटत नाही. दोघं पाठमोरे, पोटाच्या टोकाशी जोडलेले, निश्चल. दिवसाच्या उजेडात तासन्‌तास ते तसेच राहतात. सांभाळणारा त्यांना हलवत नाही. पुरेसा वेळ गेल्यावर तो हलक्या हातानं त्यांना वेगळं करतो, मादीला मातीच्या बोळक्यात किंवा पानाच्या द्रोणात, नाहीतर डबीत ठेवतो, आणि झाकतो.

आता मनाचा वेग आणखी कमी करा. इथे अशी एक गोष्ट आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ती कळली की आपला प्रश्न बदलतो.

आपल्याला वाटतं, जोडी लागली म्हणजे अंडी फळली. तसं होत नाही. नराचं बीज मादीच्या पोटात एका वेगळ्या पिशवीत जाऊन थांबतं. अंडी दुसरीकडे, आपापल्या नळ्यांत ओळीनं तयार असतात, कवचासकट. अंडं बाहेर यायला निघतं, त्या पिशवीच्या तोंडाजवळून पुढे सरकतं, तेव्हा तिथून थोडं बीज सुटतं. अंड्याच्या एका टोकाला सूक्ष्म छिद्र असतं. त्या छिद्रातून बीज आत शिरतं. मग अंडं बाहेर पडतं, चिकट लेपासकट द्रोणाला चिकटतं. प्रत्येक अंड्याचं फळणं असं वेगळं, त्याच्या त्याच्या क्षणी, त्या अरुंद वाटेवर होतं. एक मादी दीडशे-दोनशे किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते. दोनशे वेळा ती भेट व्हावी लागते. एकशे नव्व्याण्णव वेळा झाली आणि एकदा चुकली, असंही होतं.

म्हणून ‘ही मादी फळली का’ असं विचारून भागत नाही. या अंड्याचं काय, त्या अंड्याचं काय, असंच विचारावं लागतं.

जिची जोडी लागली नाही तिचं काय? तीही अंडी घालते. काही रात्री वाट पाहते, अडवून धरते, आणि शेवटी घालते. संख्या कमी, पण कवच तसंच, लेप तसाच, रेषा त्याच. पहिल्या दिवशी दोन द्रोण शेजारी ठेवले, एक जोडी लागलेल्या मादीचा आणि एक न लागलेल्या मादीचा, तर नुसतं पाहून जाणत्यालाही सांगता येणार नाही. त्यानं द्रोणावर खूण करून ठेवली असेल तरच.

डोळ्यांसमोर ते दोन द्रोण आणा. दोन्हींत तुमच्या तळहातावरच्या अंड्यासारखीच अंडी आहेत. एकात जीव आहे. दुसऱ्यात सगळी तयारी आहे. पोषणाचा साठा आहे, कवच आहे, छिद्रही आहे, आणि त्या छिद्रातून कोणी आलेलं नाही. दोन्हींकडे सारख्याच नजरेनं पाहता येतं का, ते बघा. कुठला फळलेला आणि कुठला पोकळ हे ठरवण्याची ओढ मनात उठेल. ती उठू द्या. तिच्यामागे जाऊ नका.

तुतीचं रेशीम करणाऱ्याला या बाबतीत सोपं जातं. तुतीच्या पतंगाचं अंडं घातलं तेव्हा पिवळं असतं. पुढच्या हंगामासाठी थांबणारं असेल आणि फळलेलं असेल तर दोन-तीन दिवसांत ते तांबूस, मग करडं-जांभळट, पाटीच्या रंगाचं होतं. न फळलेलं पिवळंच राहतं, पुढे मधोमध खचतं आणि वाळतं. न थांबता फुटणाऱ्या अंड्यात शेवटच्या दिवसांत एक काळा ठिपका दिसतो, तेच अळीचं डोकं. मग सगळं अंडं निळसर होतं. कवच पातळ, आतलं बाहेरून दिसतं. कागदावर पसरलेल्या अंड्यांवरून नजर फिरवली की किती फळली याचा अंदाज येतो.

टसरचं कवच जाड आहे. ते आतला रंग बाहेर येऊ देत नाही. अंडी लेपानं माखलेली असतात, म्हणून सौम्य फॉर्मलिनच्या पाण्यात धुतात, मग स्वच्छ पाण्यात, आणि सावलीत सुकवतात. त्यानं कवचावरचे रोगजंतू जातात. पण कवचाच्या आत काय चाललं आहे ते धुण्यानं कळत नाही. काही दिवसांनी एक खूण मिळते. न फळलेल्या अंड्यातला द्रव आटत जातो, त्याला धरून ठेवणारं आत काही वाढत नसतं, आणि कवचावर खळगा पडतो. फळलेलं अंडं बहुधा टणक, फुगीर राहतं. बहुधा, हा शब्द इथे जपून ठेवायचा आहे. हवा फार कोरडी झाली तर फळलेल्या अंड्यालाही खळी पडते आणि त्यातूनही अळी निघते. खळगा दिसला की अंडं टाकून देणारा माणूस कधी कधी जिवंत बीज टाकून देत असतो. जाणता माणूस चपटी अंडी पाहतो, मनात नोंद करतो आणि द्रोण पुन्हा झाकतो.

एक अंडं फोडून बघावं, असं वाटेल. कोणालाही वाटेल. सुईनं टोचलं तर आत काय आहे ते खात्रीनं कळेल. पण कळलं त्या क्षणी ते अंडं संपलेलं असेल, आणि मिळालेलं उत्तर त्या एका अंड्यापुरतं असेल. बाकीची अजून मुकी. हा मोह पाहा. आपण माणसांच्या बाबतीतही तो पुष्कळदा आवरत नाही. मुलांना, नात्यांना, हातातल्या कामाला आपण सारखं टोचून पाहतो, जगतंय ना, वाढतंय ना म्हणून. तळहातावरचं अंडं तसंच राहू द्या.

यात आणखी एक आश्चर्य आहे. रशियातले जीवशास्त्रज्ञ बोरिस अस्ताउरोव यांनी 1940 च्या सुमारास तुतीच्या पतंगाची न फळलेली अंडी 46 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 18 मिनिटं ठेवली, आणि त्या उष्णतेच्या धक्क्यानं ती नराविना वाढीला लागली. त्यांतून अळ्या निघाल्या, सगळ्या माद्या, आईची हुबेहूब प्रत. म्हणजे ज्याला आपण रिकामं समजतो त्यातही वाढण्याची शक्ती होती. तिला हाक मिळाली नव्हती. भंडाऱ्याच्या बीजकेंद्रात कोणी अशी हाक देत नाही. इथे नराची वाट पाहतात. पण त्या दुसऱ्या द्रोणाकडे पाहताना ‘पोकळ’ हा शब्द जरा सैल धरला पाहिजे.

आता आईकडे वळू. तिनं तीन दिवस अंडी घातली. पहिल्या रात्री सगळ्यांत जास्त, मग कमी कमी. तीन दिवसांनंतरची अंडी बहुधा बीजासाठी धरत नाहीत. ती अशक्त निघतात. तिचे पंख झडत आले आहेत. तिचं काम संपलं असं आपल्याला वाटतं. तिच्याकडून अजून एक गोष्ट घ्यायची असते. ती कोणती, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

1865 साली फ्रान्सच्या दक्षिणेकडे, आलेस या गावाच्या परिसरात रेशमाचा धंदा बुडत होता. अळ्यांच्या अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके यायचे आणि त्या मरायच्या. रोगाला नाव पडलं पेब्रिन. लुई पाश्चर यांना त्यांच्या गुरूंनी, द्यूमा यांनी, तिकडे पाठवलं. पाश्चर यांना रेशीमकिड्यांची काही माहिती नव्हती. त्या वर्षांत त्यांच्या दोन मुली वारल्या. 1868 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. तरी काम सुटलं नाही. शेवटी हाती आलेली रीत अशी: प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची, नंतर तिचं शरीर वाटून, त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. लंबगोल, चमकणारे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. नाही दिसले तर ठेवायची. रोग आईच्या शरीरातून अंड्यात उतरतो, म्हणून आईला पाहिलं की अंड्याचं कळतं.

भंडाऱ्यात केंद्रीय रेशीम मंडळाचं मूलभूत बीजकेंद्र आहे. राज्याचं रेशीम संचालनालय 1997 साली नागपुरात सुरू झालं. अशा केंद्रांतून जे बीज पाळणाऱ्यांच्या हाती जातं त्याला रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात; एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज. त्यामागे आजही पाश्चर यांचीच रीत आहे. खल, थोडं अल्कलीचं पाणी, काचपट्टी, सुमारे सहाशेपट मोठं दाखवणारं भिंग. एक मादी, एक थेंब, एक निर्णय.

या टेबलाशी थोडा वेळ बसा. आपण मघापासून विचारत होतो, आत जीव आहे का. इथे दुसराच प्रश्न समोर येतो. रोगट मादीची अंडी फळलेली असतात. टणक असतात, फुगीर असतात, त्यांतून अळ्याही निघतात. जीव आहे, पण तो सोबत रोग घेऊन आला आहे, आणि झाडावर गेला की शेजारच्या निरोगी अळ्यांनाही तो देईल. तो पुंज जाळावा लागतो. जो माणूस मे महिनाभर पोतं भिजवत होता, ज्यानं चांगले कोश न विकता माळेत ओवले, रात्री जागून जोड्या लावल्या, त्याच्याच हातानं फळलेलं बीज आगीत जातं. कठोरपणा म्हणून याकडे पाहू नका. झाडावरच्या बाकीच्या सगळ्यांसाठी त्याला तेवढं करावंच लागतं, आणि हात आखडला तर हंगाम जातो.

या भागातल्या जुन्या कोसा पाळणाऱ्यांत हंगामभर सोवळं पाळायची रीत होती. मांसाहार नाही, घरापासून दूर राहायचं, हातपाय धुतल्याशिवाय बीजाजवळ जायचं नाही. बाहेरच्या माणसाला पाळणीच्या झाडांजवळ येऊ द्यायचं नाही. पाहणाऱ्यांनी ही भाबडी समजूत मानली. ज्या रोगाचा जंतू डोळ्यांना दिसत नाही त्याच्याशी भिंगाविना झुंजणाऱ्या माणसांनी शोधलेली ही शिस्त होती, असं मला वाटतं. दूर राहा, स्वच्छ राहा, येणंजाणं कमी ठेवा. भिंग आलं म्हणून ती शिस्त जुनी झाली नाही.

आता आठ-दहा दिवस. इथे करण्यासारखं थोडंच आहे. हवा ओलसर ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही, मुंग्यांना वाट द्यायची नाही. तुम्हीही इथे काही करू नका. फक्त द्रोणाजवळ राहा. कवचाच्या आत पेशी विभागतायत, एक पट्टी तयार होतेय, तिचे भाग पडतायत, पाय फुटतायत. ती पट्टी एकदा अंड्यात आपली जागाही बदलते, कूस पालटते. डोकं काळं पडतं. यातलं काहीही दिसत नाही. द्रोण पहिल्या दिवशी दिसत होता तसाच आजही दिसतो.

मन कंटाळलं तर कंटाळू द्या. कंटाळलेलं मनसुद्धा द्रोणाजवळ बसू शकतं.

मग एका पहाटे, उजाडताना, एका अंड्याच्या टोकाशी कवच कुरतडलं गेलेलं दिसतं. त्यातून काळं डोकं येतं, मागून मळकट पिवळसर, केसाळ अंग. अळी बाहेर येते आणि वळून आपल्याच कवचाचा काही भाग खाते. तिचं पहिलं जेवण ते. दोनेक दिवसांत ती हिरवी व्हायला लागेल. शेजारचं अंडं फुटतं, मग आणखी. सकाळच्या काही तासांत द्रोण हलू लागतो. ज्या उत्तराची इतके दिवस वाट पाहिली ते असं, एकदम, पुष्कळ तोंडांनी येतं.

लगेच द्रोण उचलून ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या कोवळ्या पाल्यावर बांधतात. अळ्या आपसूक पानांवर चढतात. इथून पुढचा महिना, चार कात टाकेपर्यंत आणि कोश विणेपर्यंत, पाळणारा झाडाखाली असतो. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या, अळीच्या अंगावर अंडं घालणारी उझी माशी, अळीला सोंड खुपसणारे ढेकूण, सगळे येतात. गोफण चालते, डबा वाजतो. ती वेगळी गोष्ट आहे.

आपण द्रोणाकडे परत येऊ. अळ्या गेल्या. तळाशी काही अंडी उरली आहेत, न फुटलेली. दोन दिवस आणखी थांबा. उशिरा येणारी एखादी असते. मग, आता मात्र, त्यांना फोडायचं आहे.

नखानं एक उघडा. आत पिवळा, वाळलेला गर. इथे कोणी आलंच नव्हतं. दुसरं उघडा. आत पूर्ण वाढलेली अळी, डोकं काळं, पाय जुळलेले, मेलेली. ही फळली होती, वाढली होती, बाहेर यायचं तेवढं राहिलं. द्रोणात ही दोन्ही सारखीच न फुटलेली दिसत होती. पण पहिल्याचा दोष जोडी लावण्यात, नराला लागलेल्या उष्णतेत, त्या अरुंद वाटेवर चुकलेल्या भेटीत शोधायला हवा. दुसऱ्याचा दोष या शेवटच्या आठ-दहा दिवसांत, हवा कोरडी पडण्यात, किंवा रोगात. दोन्ही एका रकान्यात लिहिली तर पुढच्या हंगामात काय सुधारायचं ते कळणार नाही.

म्हणून एकेक अंडं उघडा आणि वेगळं ठेवा. पिवळी इकडे, काळ्या डोक्याची तिकडे. घाई नको. प्रत्येकाकडे नीट पाहा, अगदी सुरुवातीला तळहातावरच्या त्या एकाकडे पाहिलं होतं तसं. शेवटी वहीत तीन आकडे लिहा: फुटलेली, फळूनही न फुटलेली, न फळलेली. तिन्हींची बेरीज त्या मादीनं घातलेल्या अंड्यांइतकी भरते का, ते तपासा. नसेल भरत तर द्रोणाच्या शिवणीत पुन्हा बघा, तिथे एखादं अडकलेलं असतं.